चित्रपट-मासिकाचे मुखपृष्ठ : शिरूर-दौंडच्या विद्यार्थ्यांसाठी

मासिक हातात घेण्यापूर्वीच वाचकाने त्याविषयी आपला निर्णय केलेला असतो, आणि तो निर्णय घडवून आणण्याचे सारे काम एकट्या मुखपृष्ठाच्या माथी असते. दौंड जंक्शनच्या फलाटावर मनमाडकडे जाणाऱ्या गाडीसाठी लगबगीने निघालेला उतारू पुस्तकांच्या दुकानासमोरून जातो, तेव्हा त्याची नजर एका मुखपृष्ठावर निमिषभर ठरते आणि दुसऱ्यावर ठरत नाही. इतक्या अल्प अवकाशात ज्या मुखपृष्ठाला सात गोष्टी सांगावयाच्या असतात ते बहुधा एकही सांगू शकत नाही, आणि ज्याने एकच गोष्ट सांगण्याचा निश्चय केलेला असतो ते ती पुरतेपणी सांगून जाते. शिरूर व दौंड या दोन तालुक्यांतील महाविद्यालयांत ज्यांनी माध्यमांचा विषय घेतला आहे, आणि आपण केलेल्या लघुपटाची एखाद्या चित्रपट-मासिकाने दखल घेतली आहे अशी कल्पना करून त्या अंकाचे मुखपृष्ठ रचण्याचे काम ज्यांच्या प्रकल्पात नेमून दिले आहे, त्यांच्यासाठी हा लेख आहे. आणि माझे मुख्य सांगणे इतकेच आहे की, तुमच्या मुखपृष्ठाने एकच गोष्ट सांगावी, आणि ती तुमच्या स्वतःच्या मुलखातील असावी.

या कामाचा वारसा तुमच्या अगदी निकट आहे, ही गोष्ट प्रारंभीच ध्यानात आणून देणे मला अगत्याचे वाटते. कोल्हापुरात महाराष्ट्र फिल्म कंपनी चालविणारे बाबूराव पेंटर हे स्वतः चित्रकार असल्यामुळे आपल्या मूकपटांची भित्तिपत्रके ते जातीने रंगवीत, आणि १९२४ च्या ‘कल्याण खजिना’चे त्यांचे भित्तिपत्रक आज उपलब्ध असलेल्या जुन्यांत जुन्या भारतीय चित्रपट-भित्तिपत्रकांत गणले जाते. मुंबईत बाबूराव पटेलांनी १९३५ साली ‘फिल्मइंडिया’ हे इंग्रजी मासिक काढले. त्याच्या मुखपृष्ठांवर कलबुर्गीच्या एस. एम. पंडितांनी नटनटींची जी चित्रे रंगविली, त्यांत कपड्याच्या चुणीपासून डोळ्यातील चमकेपर्यंत सर्व तपशील होता, आणि तरीही पाहणाऱ्याची दृष्टी प्रथम चेहऱ्यावरच जावी अशी त्यांची रचना होती. गोव्याहून आलेले रघुवीर मुळगावकर रंगाच्या फवाऱ्याने त्वचेवर जी तकाकी आणीत तिने मराठी वार्षिकांचे वाचक भारावून गेले, तर ‘दीपावली’ अंकाचे दीनानाथ दलाल रेषेच्या आणि सपाट रंगाच्या बळावर तेवढाच प्रभाव अत्यंत थोड्या साधनांत पाडीत. पुढे छायाचित्राचे युग आले तेव्हा ‘चंदेरी’ मासिकाचे संपादन करणाऱ्या गौतम राजाध्यक्षांनी मृदू प्रकाशात जवळून घेतलेला चेहरा म्हणजेच मुखपृष्ठ, हा शिरस्ता मराठीत रुजविला. या सर्वांच्या पद्धती परस्परांहून अगदी भिन्न असल्या, तरी पानावर राज्य कोणाचे चालणार हे त्यांपैकी प्रत्येकाने कुंचला किंवा कॅमेरा उचलण्यापूर्वीच ठरविलेले असे. तुम्हांलाही ते तसेच ठरविणे प्राप्त आहे.

पुण्यास १९६४ साली स्थापन झालेले राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय दौंडहून सकाळच्या गाडीने आणि शिरूरहून एस. टी. ने एका दिवसात जाऊन येण्याजोगे आहे. तेथे जुनी भित्तिपत्रके, स्थिरचित्रे आणि चित्रपटगृहात विकल्या जाणाऱ्या गाण्यांच्या पुस्तिका जतन करून ठेवलेल्या आहेत. महाविद्यालयाच्या प्राचार्यांचे पत्र घेऊन, आधी लिहून विचारून, मगच जावे. आणि गेल्यावर नुसते पाहून न येता, कोणतीही पाच पाने निवडून त्यांत चेहरा पानाच्या किती भागात आहे, नाव कोठे बसविले आहे आणि रंग किती वापरले आहेत, याची टिपणे वहीत करावीत. पडद्यावर बोट फिरवून पाहिलेली शंभर मुखपृष्ठे जेवढे शिकवणार नाहीत, तेवढे अशी मोजून पाहिलेली पाच शिकवितात.

आता विषयाची निवड. ‘आमच्याकडे चित्रपटासारखे आहे तरी काय’ असा प्रश्न तालुक्याच्या गावातील विद्यार्थी करतात तेव्हा मला मनापासून वाईट वाटते. कारण खरी वस्तुस्थिती याच्या नेमकी उलट आहे. संजय लीला भन्साळींच्या २०१५ च्या चित्रपटाने जिचे नाव देशभर नेले त्या मस्तानीची कबर शिरूर तालुक्यातील पाबळ येथे आहे, आणि ते गाव तिला इनाम मिळाले होते. २०२५ च्या ‘छावा’ने ज्यांची कथा सांगितली त्या छत्रपती संभाजी महाराजांचे समाधिस्थान वढू बुद्रुक येथे, म्हणजे पुन्हा शिरूर तालुक्यातच आहे. निघोज आणि टाकळी हाजी यांच्या मध्ये कुकडी नदीने खडकात कोरलेले रांजणखळगे हे कोणत्याही छायाचित्रकाराला मोह पडावा असे स्थळ आहे. दौंडकडे यावे, तर मौजे केडगावच्या परिसरातील गुऱ्हाळांच्या भट्ट्या आहेत, १८७८ सालापासून मनमाडशी जोडलेले रेल्वेचे जंक्शन आहे, आणि सोलापूर रस्त्यावर चौफुला येथे लावणीची कलाकेंद्रे आहेत. यांतील पाबळ आणि वढू ही स्थळे निवडण्यास माझी हरकत नाही. परंतु तेथे मोठ्या चित्रपटांतील वेशभूषेची आणि तलवारींची नक्कल करण्याचा मोह अनावर होतो, आणि भाड्याच्या शेल्यात उभा केलेला वर्गमित्र मुखपृष्ठावर आला की त्या स्थळाचे गांभीर्य लयास जाते. पाबळवर लघुपट करणारच असाल, तर आज त्या कबरीची निगराणी करणाऱ्या, तेथे येणाऱ्या आणि तिच्याविषयी बोलणाऱ्या माणसांचा करावा.

उदाहरण म्हणून मी येथे तमाशाचा विषय घेतो, कारण त्यात शिरूर आणि दौंड दोन्ही येतात आणि मुखपृष्ठाच्या दृष्टीने त्यातील अडचणीही पुष्कळ आहेत. पहिली अडचण अज्ञानाची आहे. शिरूर तालुक्यातील कवठे येमाईसारख्या गावाची जी परंपरा आहे ती ढोलकीच्या फडाची : गण, गवळण, बतावणी आणि वग असा क्रम, सोंगाड्या, हलगी, तुणतुणे, कनात, आणि जत्रेमागून जत्रा करीत गावोगाव फिरणारा संसार. चौफुल्याच्या कलाकेंद्रांत जी चालते ती संगीत बारी. ती एका जागी राहते, तिच्यात वग नसतो, आणि पेटी-ढोलकीच्या साथीने बैठकीत लावणी सादर होते. या दोहोंची सरमिसळ करून फडाच्या ढोलकीवाल्याशेजारी बारीतील नर्तिका उभी केलेले मुखपृष्ठ शहरातील परीक्षकाला कदाचित खटकणार नाही. परंतु तुमच्याच गावातील जाणता माणूस ते पाहताक्षणी बाजूला ठेवील, आणि त्याचेच मत अधिक मोलाचे आहे.

दुसरी अडचण नीतीची आहे. मराठी चित्रपटाने तमाशावर उदंड प्रेम केले. अनंत माने यांचा १९५९ चा ‘सांगत्ये ऐका’ पुण्याच्या विजयानंद चित्रपटगृहात १३१ आठवडे चालला. परंतु तेव्हापासून तमाशा म्हटला की पाठमोरी वळलेली नर्तिका आणि तिची कंबर, असे एक ठराविक चित्र जाहिरातींच्या हाती लागले, ते अद्यापि सुटलेले नाही. तुम्ही ते वापरू नये, असे मी आग्रहाने सांगतो. ज्या स्त्रीचे छायाचित्र तुम्ही मुखपृष्ठावर घेणार, तिला ते कोठे छापले जाणार, कोण पाहणार आणि त्यावर कोणती ओळ असणार याची इत्थंभूत कल्पना देऊन तिची लेखी संमती घ्यावी. तिने नकार दिल्यास मध्यस्थ घालू नये, आणि पैशाचे आमिष तर मुळीच दाखवू नये. लहान मुले फडाबरोबर असतात; आईबापांनी होकार दिला तरी त्यांचे चेहरे मुखपृष्ठावर न घेणे हेच उचित होय. माझ्या मते, या विषयाला सर्वांत योग्य मुखपृष्ठ ढोलकीवाल्याचे आहे : खेळ सुरू होण्यापूर्वी, कनातीच्या आत, ढोलकी मांडीवर घेऊन ती सुरात लावीत बसलेला एक वयस्क गृहस्थ, ज्याचा कान वाद्याकडे आणि डोळे तुमच्याकडे आहेत.

हे छायाचित्र घ्यावयाचे कसे? महागडा कॅमेरा नसेल तर खंत करू नये. आजचा साधारण फोन तीन हजार गुणिले चार हजार बिंदूंचे चित्र देतो, आणि मासिकाच्या ए-४ पानास, म्हणजे २१० गुणिले २९७ मिलिमीटरांस, इंचाला ३०० बिंदू या छपाईच्या प्रमाणाने २४८० गुणिले ३५०८ बिंदू पुरतात. मात्र छापखान्यात पान कापताना कात्री किंचित इकडे-तिकडे होते, म्हणून चारही बाजूंना तीन-तीन मिलिमीटर जादा चित्र ठेवावे लागते, आणि ती मोजदाद २५५१ गुणिले ३५७९ वर जाते. याचा अर्थ असा की, उंचीतून एक दशांशाहून अधिक भाग कापून टाकाल तर चित्र अपुरे पडेल. म्हणून फोनवर चित्र ओढून मोठे करण्यापेक्षा स्वतः दोन पावले पुढे जावे. चित्र फोन उभा धरून घ्यावे, आणि ते मित्राकडे पाठविताना व्हॉट्सॲपवर छायाचित्र म्हणून न पाठविता दस्तऐवज म्हणून पाठवावे. नाहीतर वाटेतच त्यातील बारकावा नाहीसा होतो, आणि ही गोष्ट छपाईच्या दिवशी लक्षात आल्याने अनेकांचे प्रकल्प फसलेले आहेत.

प्रकाशाविषयी थोडे विस्ताराने सांगितले पाहिजे. आपल्या या पर्जन्यछायेच्या मुलखात वर्षातील बराच काळ आभाळ निरभ्र असते, आणि माथ्यावरच्या उन्हात माणसाचे डोळे कपाळाच्या छायेत बुडून जातात. मुखपृष्ठाला तर डोळेच हवे असतात. म्हणून सूर्योदयानंतरचा किंवा सूर्यास्तापूर्वीचा तास धरावा, अथवा भर दुपारी कनातीच्या आत जावे, जेथे कापडातून गाळून आलेला प्रकाश कोणत्याही दिव्याहून सौम्य असतो. एका बाजूने अंधार जास्त वाटल्यास त्या बाजूला पांढरे धोतर किंवा चादर दोघांनी धरून ठेवावी. तेवढ्याने चेहऱ्याच्या काळोख्या अर्ध्या भागात जीव येतो. डोळे पानाच्या वरच्या तृतीयांशाच्या सुमारास यावेत, परंतु माथ्यावर मोकळी जागा भरपूर सोडावी, कारण तेथे मासिकाचे नाव बसणार आहे. डाव्या किंवा उजव्या अंगाला एक पट्टा असा रिकामा ठेवावा की ज्यावर अक्षरे वाचता येतील. मागे साध्या रंगाची कनात असेल तर ती आपोआप मिळते, आणि मागे ट्रंका, दोऱ्या, टांगलेली लुगडी व प्रेक्षक असतील तर कितीही कौशल्य केले तरी ती मिळत नाही. नवशिके आधी सुंदर चित्र घेतात आणि मग त्यावर अक्षरांना जागा शोधू लागतात. खरा क्रम उलट आहे. पानाचा आराखडा पेन्सिलीने आधी काढावा, आणि तो कागद हातात धरूनच छायाचित्र घ्यावे.

मासिकाचे नाव ही यानंतरची, आणि माझ्या अनुभवाने सर्वाधिक दुर्लक्षित बाब. प्रचलित मासिकाचे नाव व अक्षररूप उचलून त्यात आपले चित्र बसविण्याची चाल विद्यार्थ्यांत आहे. ती सोडावी, कारण त्यात दुसऱ्याच्या मालमत्तेचा प्रश्न तर आहेच, शिवाय प्रकल्पातील निम्मे शिक्षण त्यामुळे हुकते. नाव स्वतःचे ठेवावे, आणि ते आखूड ठेवावे, कारण दोन-तीन अक्षरांचे नाव पानाच्या रुंदीभर मोठे होऊ शकते. समजा, तुम्ही ‘तंबू’ हे नाव घेतले. जत्रेत तंबू ठोकून सिनेमा दाखविणाऱ्या टुरिंग टॉकीज आणि तमाशाची कनात या दोहोंचे स्मरण त्यात आहे. आता ते अक्षर कसे बसवावयाचे ते पाहू.

देवनागरीची शिरोरेषा हे तिचे बळ आहे. ती पानाच्या वरच्या अंगाला तुळईसारखी आडवी जाते आणि सबंध नावाला एकसंध ठेवते. म्हणून रोमन अक्षरांसाठी बनविलेल्या नमुन्यांत जशी अक्षरे दूरदूर पसरतात, तशी देवनागरी पसरू नये. शिरोरेषा तुटली की शब्द तुटतो. व्यक्तीचे डोके नावाच्या पुढे येऊन अक्षराचा थोडा भाग झाकते ही मासिकांची जुनी रीत आहे, आणि तिने चित्राला खोली येते. परंतु रोमन अक्षराचा तळ झाकला तरी ते ओळखू येते, तसे आपल्या अक्षराचे नाही. ‘तंबू’वरील अनुस्वार झाकला गेला तर उरते ते एका प्रसिद्ध अभिनेत्रीचे नाव, आणि चित्रपट-मासिकावर असा घोटाळा वाचकाची शुद्ध दिशाभूल करील, खालचा उकार झाकला तर काहीच अर्थ उरत नाही. झाकावयाचेच असेल तर ‘त’च्या उभ्या दंडाचा थोडा भाग झाकावा, आणि काना-मात्रा, वेलांट्या, उकार व अनुस्वार यांना स्पर्श करू नये.

नावाची अक्षरे संगणकातील तयार टंकातून न घेता हाताने काढावीत, अशी माझी शिफारस आहे. कमल शेडगे यांनी मराठी नाटकांच्या जाहिरातींसाठी जी नावे रेखाटली ती पाहावीत. प्रत्येक नाटकाची प्रकृती त्यांच्या अक्षरातच उतरलेली असे. बोरूने किंवा चपट्या कुंचल्याने ‘तंबू’ हा शब्द पन्नास वेळा लिहून, त्यांतील उत्तम तो निवडून, त्याचे छायाचित्र घेऊन संगणकावर घ्यावा. इतर मजकुरासाठी मात्र तयार टंक घ्यावा. मुंबईच्या एक टाइप या संस्थेचे ‘मुक्ता’ आणि ‘बालू’ हे विनामूल्य मिळणारे टंक चांगले आहेत. विंडोजमध्ये येणारा ‘मंगल’ हा र. कृ. जोशींसारख्या थोर अक्षरकाराच्या हातचा असला, तरी तो पडद्यावर वाचण्यासाठी घडविलेला आहे, मुखपृष्ठावर तो क्षीण दिसतो. एका पानावर दोनांहून अधिक टंक नसावेत. मराठी वळणाचे ‘ल’ आणि ‘श’ टंकात मिळतात की हिंदी वळणाचे, हे पाहून घ्यावे, आणि ‘ऱ्य’ नीट उमटतो की नाही याची खातरजमा करावी. दोन ओळींमधील अंतर अक्षराच्या उंचीच्या दीडपटीजवळ ठेवावे, नाहीतर वरच्या ओळीचे उकार खालच्या ओळीच्या वेलांट्यांत अडकतात.

चित्रसंस्करणाच्या काही आज्ञावलींत पहिली वेलांटी अक्षराच्या मागे जाऊन बसते आणि जोडाक्षरे फुटतात. हा दोष टंकाचा नसून मांडणीचा आहे. फोटोशॉपमध्ये अक्षर-यंत्रणा भारतीय भाषांसाठी बदलावी लागते, आणि इंकस्केप ही विनामूल्य आज्ञावली वापरल्यास हा त्रास बहुधा होत नाही. जुन्या पद्धतीच्या, युनिकोड नसलेल्या टंकांत छापखानेवाले अजून काम करतात, म्हणून अंतिम पान त्यांच्याकडे पीडीएफच्या रूपात, अक्षरांचे रेषाचित्र करूनच द्यावे. उघडी धारिका दिल्यास तिच्यात कोणते अक्षर केव्हा पालटेल याचा भरवसा नाही.

मुखपृष्ठावरील ओळी, म्हणजे अंकात काय आहे याची सूचना देणारा मजकूर, चार किंवा पाचच असाव्यात. एक ओळ मुख्य, बाकीच्या तिच्याहून निम्म्या आकाराच्या. ‘एक धमाकेदार मुलाखत!’ ही ओळ कोणत्याही अंकावर शोभेल, आणि म्हणूनच ती कोणत्याही अंकाची नाही. त्याऐवजी ‘ढोलकी सुरात लागेपर्यंत फड थांबतो’ असे लिहिले तर तीत एक माणूस आहे, एक क्षण आहे आणि वाट पाहणे आहे. ‘आपल्या तालुक्यातील कला’ यापेक्षा ‘नारायणगावच्या राहुट्यांत सुपारी कशी ठरते?’ हा प्रश्न अधिक चांगला, कारण गावोगावचे लोक जत्रेच्या खेळाची बोली करण्यास तेथे जातात ही माहिती त्यात सहज येते आणि पुढचे वाचण्याची इच्छा होते. उद्गारचिन्हे शक्यतो टाळावीत. ओळ लिहून झाली की तीतील विशेषणे काढून पाहावी. काढल्यावर काहीच उरले नाही तर ओळच काढून टाकावी.

रंगांविषयी सांगण्यापूर्वी एका सवयीचा उल्लेख केला पाहिजे. शिरूरच्या बाजारपेठेत किंवा दौंडच्या चौकांत आपण रोज जे मुद्रण पाहतो ते फ्लेक्सचे : वाढदिवसाच्या शुभेच्छा, वर मान्यवरांची रांग, मध्ये सत्कारमूर्ती, खाली शुभेच्छुकांचे वीस-पंचवीस चेहरे, पिवळ्या अक्षरांना लाल किनार, त्या लाल किनारीला पुन्हा पांढरी, आणि मागे सूर्यकिरण. ते फलक आपल्या जागी योग्य असतील, कारण ज्याचा चेहरा त्यावर नाही तो रुसतो आणि कोणी रुसू नये हाच फलकाचा हेतू असतो. परंतु बालपणापासून तेच पाहिल्याने डोळ्याला त्याचीच सवय होते, आणि विद्यार्थी मुखपृष्ठ करावयास बसला की हात नकळत किनारी आणि छटा ओढू लागतो. ही सवय जाणीवपूर्वक मोडली पाहिजे. छायाचित्रातूनच दोन रंग निवडावेत, उदाहरणार्थ कनातीचा विटका तांबडा आणि फेट्याचा केशरी, आणि तिसरा पांढरा किंवा काळा. एवढ्यावर सारे पान निभावून न्यावे. अक्षर वाचता येत नसेल तर त्याला किनार देऊ नये, त्याची जागा बदलावी. आणखी एक सूचना : पडद्यावर जो निळा किंवा हिरवा झळाळतो तो कागदावर मंद पडतो, कारण पडदा प्रकाशाने रंग घडवितो आणि छपाई शाईने; म्हणून छपाईच्या चार शाईंच्या प्रमाणात रंग आधी बदलून पाहावेत आणि मगच निवड पक्की करावी.

कायद्याच्या बाजूने तीन गोष्टी. इंटरनेटवर सापडलेले नटाचे छायाचित्र वापरू नये. १९५७ च्या स्वामित्वहक्क कायद्याने अध्ययनासाठी काही मुभा दिली आहे हे खरे, परंतु वर्गाबाहेर तुम्ही ते पान प्रदर्शनात लावले किंवा समाजमाध्यमांवर टाकले की त्या मुभेचा आधार डळमळतो. छायाचित्राचा हक्क छायाचित्रकाराच्या हयातीत आणि त्याच्या मृत्यूच्या पुढील वर्षापासून साठ वर्षे चालतो, आणि चित्रपटाचा प्रसिद्धीच्या पुढील वर्षापासून साठ वर्षे, तेव्हा जुन्या चित्रपटातील दृश्य घ्यावयाचे असल्यास प्रसिद्धीचे वर्ष तपासूनच घ्यावे. आणि नियतकालिकांच्या नोंदणीचा १८६७ चा कायदा जाऊन २०२३ चा आला असला, तरी नोंदणी ही खऱ्या नियतकालिकाचीच असते. म्हणून खोटा नोंदणी-क्रमांक वा दुसऱ्या मासिकाचा उचललेला बारकोड आपल्या पानावर छापू नये. त्या जागी महिना, वर्ष, महाविद्यालयाचे नाव आणि ‘विद्यार्थी प्रकल्प, विक्रीसाठी नाही’ एवढी ओळ बारीक अक्षरात द्यावी. ती पानाची शोभा कमी करीत नाही.

पान तयार झाले की ते साध्या कागदावर छापून भिंतीला लावावे आणि दहा पावले मागे जाऊन पाहावे : नाव वाचता येते का, डोळे दिसतात का, मुख्य ओळ कळते का? मग तेच चित्र फोनवर अंगठ्याच्या नखाएवढे करून पाहावे, कारण आज पुष्कळ वाचकांना मासिक प्रथम त्या आकारातच भेटते. त्यानंतर शिरूरच्या एस. टी. स्थानकावर किंवा दौंडच्या फलाटावर वाट पाहत बसलेल्या दहा अनोळखी माणसांना ते तीन-चार सेकंद दाखवून झाकावे, आणि ‘हे कशाविषयी आहे?’ एवढेच विचारावे. ‘छान आहे का?’ असे विचारू नये. सौजन्याने सगळेच हो म्हणतात. मिळालेली उत्तरे त्यांच्याच शब्दांत टिपून ठेवावीत आणि त्यांवरून जे बदल केलेत ते बदलापूर्वीच्या व नंतरच्या पानासह प्रकल्पाच्या टिपणात जोडावेत. परीक्षक तुमची अंतिम कृती पाहतोच, पण तुम्ही काय टाकून दिले आणि कोणत्या कारणाने, हे कळले तर त्याला तुमच्या विचाराची पारख करता येते. टिपण लांबलचक नसावे, आणि ‘हा रंग उठावदार दिसतो’ असल्या वाक्यांनी भरलेले तर नसावेच. जेथे जेथे निर्णय केला तेथे तेथे एका वाक्यात कारण द्यावे.

शेवटच्या छपाईसाठी जाड आर्ट पेपर घ्यावा. १७० ग्रॅमचा पुरतो, २२० चा अधिक डौलदार. आधी एकच प्रत काढून घ्यावी, ती उन्हात नेऊन पाहावी, त्वचेचा रंग लालसर किंवा हिरवट झाला असल्यास दुरुस्ती करून घ्यावी, आणि मगच उरलेल्या प्रतींना हुकूम द्यावा. छापखान्यात घाईने, प्रकल्प सादर करण्याच्या आदल्या संध्याकाळी जाऊ नये. लग्नसराईत तर आठवडाभर आधी जावे, कारण पत्रिकांच्या गर्दीत तुमचे एक पान मागे पडणारच.

आणि एक विनंती. छापून आलेल्या प्रतींपैकी पहिली ज्यांनी तुम्हांला आपला चेहरा दिला त्या ढोलकीवाल्यांकडे स्वतः जाऊन पोचवावी, दुसरी गावाच्या सार्वजनिक ग्रंथालयात तारीख घालून जमा करावी; गुणांसाठीची प्रत त्यानंतर महाविद्यालयात द्यावी.